‘ह्यूमन स्केल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: उत्खननाच्या जुन्या फोटोंत अवशेषाशेजारी उभ्या दिसणाऱ्या माणसाला ‘ह्यूमन स्केल’ म्हणतात, मराठीत ‘मानवी मोजपट्टी’ चालेल का?

चालू नये. पट्टीवर खुणा असतात, माणसावर नसतात. शिवाय माप म्हणून तो कच्चा. कॅमेरा भिंतीपासून १० मीटरवर आणि माणूस भिंतीच्या २ मीटर पुढे असला, तर तो सव्वापट मोठा दिसतो. त्याच्या उंचीवरून हिशेब केला की ४ मीटरची भिंत ३.२ मीटरच भरते. म्हणून आज लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी भिंतीला टेकवून, ओळंब्यात उभी करतात. तिला ‘मोजकाठी’ खुशाल म्हणा.

अंगाची मापं मराठीला नवी नाहीत. वीत, हात, वाव आहेत. विहिरीच्या खोलीला ‘परस’ आहे, तो ‘पुरुष’ या शब्दातूनच आला. पण वीत घालणारा आपल्याच हाताने मोजतो. फोटोतल्या माणसाला दुसऱ्याने तिथे आणलेलं असतं.

माक्सीम द्यू कां या फ्रेंच प्रवाशाने १८४९ ते १८५१च्या दौऱ्यात इजिप्तचे फोटो काढले. निगेटिव्ह कागदाची, त्यामुळे बराच वेळ निश्चल राहावं लागे. आपल्या नावेवरच्या हाजी इस्माईल या खलाशाला त्याने पुतळ्यांवर चढवलं. कॅमेऱ्याची पितळी नळी ही तोफ आहे, हललास तर उडेल, अशी भीती घातली. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. १८५२च्या त्याच्या संग्रहात मात्र चित्राखाली पुतळ्याचं नाव आहे, इस्माईलचं नाही. पुढे शंभरेक वर्षांनीही, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या भारतातल्या उत्खननांच्या (१९४४–४८) फोटोंत, खड्ड्यात मजूर असेच ताठ उभे दिसतात.

इथे मराठीतला ‘असणं’ आणि ‘करणं’ यांतला फरक फार कामाचा आहे. ‘उभा असलेला’ म्हटलं की तो सहज तिथे होता असं वाटतं; ‘उभा केलेला’ म्हटलं की उभं करणारा हात दिसतो. म्हणून ‘प्रमाणासाठी उभा केलेला माणूस’ लिहावं, शब्द वाढले तरी. आणि नाव ठाऊक असेल तर ते आलंच पाहिजे: ‘अबू सिंबेल, पश्चिमेकडचा पुतळा, प्रमाणासाठी डोक्यावर बसवलेला खलाशी, हाजी इस्माईल.’