जर्मनीत पहिल्यांदाच समर स्कूलला चाललेल्या नागपूरच्या मुलीसाठी

अगं, प्रवेश मिळाला ना, मग अर्धी लढाई जिंकलीस! तीन-चार गोष्टी सांभाळ, बाकीचं तिथे गेल्यावर आपोआप जमेल.

पहिलं काम व्हिसाचं. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा अल्प मुदतीचा व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. परीक्षा संपायची वाट बघत बसू नकोस, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. प्रवासातल्या आजारपणाचा विमा किमान 30,000 युरोचा लागतो. माझ्या पहिल्या खेपेला विम्याच्या तारखा दोन दिवसांनी कमी पडल्या आणि सगळे कागद पुन्हा करावे लागले. म्हणून तारखा स्वतः ताडून बघ.

नवीन मुलं हमखास करतात त्या चुका:

- दर शनिवार-रविवारी नवा देश. सोमवारी वर्गात डोळे मिटायला लागतात. दोनच शहरं बघ, पण पायी फिरून.
- रविवारचा किराणा विसरणं. तिथे रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेव.
- डॉइचलांड-तिकीट (जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास) घेऊन वेगवान आयसीई गाडीत चढणं. ते फक्त लोकल, रीजनल गाड्या आणि स्थानिक बसला चालतं. शिवाय त्याची मुदत दर महिन्याला आपोआप वाढते. थांबवायचं असेल तर 10 तारखेपर्यंत रद्द कर.

नागपूरच्या 45 अंशांतून जाशील, तेव्हा जूनमधला तिथला पाऊसही गार वाटेल. एक जॅकेट घेच. सावजी मसाल्याची पुडी मात्र नीट सीलबंद हवी.

आणि वर्गात चुकलीस तरी जर्मनच बोल गं. आपल्या मुलांच्याच घोळक्यात राहिलीस तर भाषा येणार कशी?