बोलेरोला इलेक्ट्रिक विंच (रुतलेली गाडी दोरीने ओढून काढणारं यंत्र) बसवतोय, वायर फ्यूज बॉक्समधून घेतली तर चालेल का?

अजिबात नको. १२ व्होल्टची मोठी विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या आसपास करंट ओढते. फ्यूज बॉक्समधली वायर जळेल. विंचसोबत आलेली जाड केबल थेट बॅटरीला जोडा, मायनससुद्धा बॅटरीलाच, बॉडीला नाही. प्लसवर बॅटरीजवळच कट-ऑफ स्विच लावा. केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवाच, नाहीतर धक्क्यांनी आवरण सोलून शॉर्ट होतो. काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढा, शेवटी जोडा.

विंच नुसत्या बंपरवर नको, चेसिसला बोल्ट केलेल्या प्लेटवर घ्या. क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट धरा. सोलापूरकडची काळी माती पावसात चाक सोडत नाही. ओढताना इंजिन चालू, ड्रमवर (दोरी गुंडाळायच्या रिळावर) स्टीलच्या दोरीचे किमान ५ वेढे शिल्लक. आणि बघ्यांना दोरीपासून लांब हाकला, ते जमणारच.