वाचकांचे प्रश्न : झाडांच्या फिशटँकला लाईट कोणती घ्यावी?

प्रश्न : दादा नमस्कार, माझी दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी आहे, आतापर्यंत प्लास्टिकची झाडं होती, आता खरी लावायचीत. दुकानवाला म्हणायलाय की महागाचीच लाईट घ्या नाहीतर झाडं जगणार नाहीत, आणि ऑनलाईन बघावं तर कुणी वॅट सांगतंय कुणी केल्विन सांगतंय, डोकंच चालंना. पाणी बोअरचं आहे, लई क्षाराचं. सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) सिलेंडर बसवायचा विचार नाही. मासे गप्पी आणि मॉली. काय घेऊ?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तुम्ही सीओटू बसवणार नाही म्हणालात ना, तिथंच तुमची लाईट ठरली बघा. लाईट जितकी जास्त तितकं झाड जोरात वाढायला बघतं, आणि वाढायला त्याला कार्बन लागतो, खत लागतं. ते मिळालं नाही की झाड थांबतं आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसतं. मग शेवाळ आलं म्हणून सीओटू, सीओटू आला म्हणून खत, खत साठतंय म्हणून दर आठवड्याला अर्धी टाकी पाणी बदला, असं ते लांबतच जातं. दोन फुटी टाकीचं अर्धं पाणी म्हणजे वीस-बावीस लिटर, तेही दर आठवड्याला. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातुरात मी कुणालाच असली टाकी करा म्हणणार नाही. कमी उजेडाची टाकी केली, मासे मोजके ठेवले आणि खाणं हात राखून टाकलं तर थोड्याशा पाण्यावर भागतं, आणि ते काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात.

आता हिशोब. तुमची टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडून खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास धरा. सीओटू नसलेल्या टाकीला लिटरमागं १० ते २० लुमेन खूप झाले. दोन फुटी १० वॅटची साधी एलईडी बॅटन साधारण १००० लुमेन देते, म्हणजे लिटरमागं २२, त्यातली थोडी खोलीत सांडते आणि राहते ती तुम्हाला पाहिजे तेवढीच. हा झाला ढोबळ अंदाज, कारण लुमेन हे माणसाच्या डोळ्याला किती उजेड दिसतो त्याचं माप आहे आणि आपला डोळा हिरव्या उजेडाला सगळ्यात तेज. झाड ४०० ते ७०० नॅनोमीटर लहरींमधला सगळा उजेड वापरतं, त्याचं खरं माप म्हणजे 'पार' (PAR). चांगल्या कंपन्या खोलीनुसार पारचा आकडा देतात, तुम्हाला तळाला २०-३० पार पडला तरी बस्स. वॅटवर मात्र जाऊ नका, लिटरमागं इतके वॅट हा नियम जुन्या ट्यूबच्या जमान्यातला, एलईडी तेवढ्याच वॅटमध्ये कितीतरी जास्त उजेड देते.

केल्विन म्हणजे उजेडाचा रंग. खोक्यावर 'कूल डेलाईट ६५००' लिहिलेलं असतं ते घ्या, त्यात झाडंही वाढतात आणि हिरवा रंग हिरवाच दिसतो. ३००० ची पिवळसर लावली तरी झाडं मरत नाहीत, पाणी फक्त गढूळल्यासारखं वाटतं. निळसर झाक मारणारी लाईट माशांसाठी म्हणून विकतात ती झाडांच्या टाकीला नको.

बॅटन वॉटरप्रूफ नसते हे लक्षात ठेवा, पाण्यावर उघडी टांगायची नाही, टाकीवर काच झाकून तिच्यावर ठेवायची. घरात लहान पोरं असतील तर थोडे जास्त पैसे घालून आयपी ६७ ची, म्हणजे आत पाणी न शिरणारी पट्टी घ्या, इथं काटकसर नको. वायर प्लगकडं नेताना मध्ये प्लगच्या खाली झोळ सोडा म्हणजे पाणी ओघळलंच तर झोळातून खाली टपकेल, बोर्डात शिरणार नाही. टाकीत हात घालायच्या आधी सगळी बटणं बंद. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारं बटण) नसेल तर आधी ती बसवा, मग लाईट.

आणखी एक गोष्ट आपल्या पाण्याची. झाकणाच्या काचेला खालून थेंब लागतात, वाळतात आणि पांढरा थर धरतो, सुरुवातीला नुसता धुरकट, दोनेक महिन्यात नखानं खरवडला तरी निघेना असा. तेवढ्या थरानं लाईट चांगलीच कमी होते आणि माणूस म्हणतो लाईटच खराब लागली. काच काढून बाहेर व्हिनेगरनं पुसा, स्वच्छ धुवा, मग ठेवा. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्याच्या जागी बोअरचंच घालत राहिलात तर क्षार वाढतच जातात कारण वाफ होते ती नुसत्या पाण्याची, म्हणून आटलेलं भरायला आरओचं पाणी किंवा गच्चीवर धरलेलं पावसाचं चांगलं.

झाडं अशी घ्या की ज्यांना जड पाणी मानवतं. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला तर बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनच कार्बन ओढून घेतात, म्हणून तुमच्याकडं ती जोमानं येतील. त्यांच्या पानावरून बोट फिरवलं तर कधीकधी बारीक रेतीसारखं खरखरीत लागतं, तो चुना आहे, रोग नाही. क्रिप्टोकोरीन लावल्यावर तिची पानं विरघळून जाऊ शकतात, उपटू नका, मुळातून नवी येतात. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला दोऱ्यानं बांधायचे, त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. अनुबियास सावलीत, थेट लाईटखाली ठेवला की त्याच्या पानांवर हिरवे ठिपके धरतात. पहिला महिना दिवसाला ६ तास लाईट, पुढं सगळं ठीक दिसलं तर ८, त्याच्यावर नाही. गप्पी-मॉलीला हे पाणी मस्त चालतं, त्यांची काळजी नको.

प्रश्न : टायमर लावला तरी लाईट भलत्याच वेळेला लागायलीय, कधी कधी रात्री दोनला. टायमर बदलून आणला तरी तेच. आमच्याकडं लोडशेडिंग असतं. टाकीची लाईट इन्व्हर्टरवर घेऊ का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : तुमचा टायमर चकतीवाला असणार, बारीक खटके खालीवर करायचे तो. त्याच्यातली मोटार विजेवर फिरते, वीज गेली की घड्याळ तिथंच थांबतं. रोज दोन तास वीज गेली तर तीन दिवसात तो सहा तास मागं पडतो, म्हणून रात्री दोन. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर आणा, त्याचं घड्याळ चालू राहतं.

लाईट इन्व्हर्टरवर नको. मध्ये दोन तास अंधार झाला म्हणून झाडांचं काही बिघडत नाही, काही लोक तर दुपारी मुद्दाम सुट्टी देतात. इन्व्हर्टरवर एअर पंप घ्या आणि जमलं तर फिल्टर. पाणी २० अंशाला असेल तर लिटरमागं ९ मिलिग्रॅमच्या पुढं ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच, आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना टाकीही ३० च्या वर जाते. रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात. अशा रात्री पंप बंद पडला तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. लाईटची वेळ संध्याकाळी ४ ते १० ठेवा, घरची माणसं जागी असताना टाकी उजळलेली असावी, तेवढ्यासाठीच तर ठेवतो आपण.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. दीड फुटाच्या टाकीवर पप्पांची ५० वॅटची फोकस लाईट लावली कारण झाडं वाढंनात. आता पाणी हिरवंगार झालंय, मासेच दिसंनात. पाणी बदललं की दोन दिवसात परत तसंच. काय करू?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : बाळा, पाणी बदलायचं थांबव आधी. ते हिरवं म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, पाणी बदललं की तेवढ्यापुरतं पातळ होतं आणि फोकसखाली परत वाढतं. फोकस काढ आणि पप्पांना परत दे. टाकीला चारी बाजूंनी आणि वरून जाड चादर गुंडाळ आणि तीन दिवस पूर्ण अंधार ठेव, मध्ये उघडून बघायचं नाही, खाणं टाकायचं नाही, मोठ्या माशांना तीन दिवस उपास चालतो. पिल्लं असतील तर ती आधी वेगळ्या भांड्यात काढ. एअर पंप मात्र एक मिनिटही बंद नको, चादरीतून नळी जाऊ दे. चौथ्या दिवशी एक तृतीयांश पाणी बदल, नळाचं असेल तर आदल्या दिवशी बादलीत भरून ठेव म्हणजे क्लोरीन उडून जाईल. मग ५-७ वॅटची लाईट, सहा तास. झाडं वाढत नव्हती म्हणतोस, कुठली झाडं ते लिहिलं नाहीस, पण पाण्याबाहेर वाढवलेली झाडं दुकानातून आणली की महिनाभर जुनी पानं गाळतात आणि मग नवी काढतात. तेवढी कळ काढ.

प्रश्न : लाल झाडं पाहिजेत. आरजीबी (लाल-हिरवी-निळी) लाईट घेतली की झाडं लाल होतात का? आणि टाकी खिडकीजवळ ठेवली तर लाईटचा खर्च वाचेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आरजीबीखाली लाल रंग उठून दिसतो, पण तो लाईटमधला लाल जास्त म्हणून, साध्या लाईटखाली बघा म्हणजे झाड किती लाल ते कळेल. खरा लाल रंग यायला तेज लाईट लागते आणि मग सीओटू आलाच. लुडविजिया रेपेन्स मात्र साध्या टाकीतही तांबूस राहते आणि तुमच्या जड पाण्यात टिकते, तिच्यापासून सुरुवात करा. खर्चाचं म्हणाल तर १० वॅटची लाईट ८ तास जाळली तरी महिन्याला अडीच युनिटही होत नाहीत, तेवढ्यासाठी खिडकी नको. पश्चिमेची तर अजिबात नको, एप्रिलमधलं दुपारचं ऊन काचेतून आलं की पाणी तापतं. पूर्वेच्या खिडकीपासून चार हात लांब ठेवली तर चालेल, आणि सकाळचं ऊन टाकीवर येत असेल तर लाईटचे तास तेवढे कमी करा.