पीटीओ शाफ्टचं सील दोनदा बदललं, तरी मिनी ट्रॅक्टरमधून ऑइल गळतंय. काय करावं?

दोन सीलं टाकून झाली म्हणताय, तर तिसरं आणायला दुकानात जाऊ नका. २४ एचपीचा ट्रॅक्टर, मागं ओढायचा फवारणीचा ब्लोअर, पीटीओपाशी (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजाराला इंजिनची ताकद देणारा फिरता शाफ्ट) गळती, आणि तुम्ही विचारताय सील कुठल्या कंपनीचं चांगलं आणि खर्च किती. अगदी हाच प्रश्न आमच्या घरात दोन महिने चालला होता. त्यावरून माझं आणि थोरल्या भावाचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

२०१९चा ऑक्टोबर. निफाडकडं द्राक्षबाग असलेल्या माणसाला तो परतीचा पाऊस वेगळा सांगावा लागत नाही. छाटणी झालेली, डाउनी रोगाच्या धास्तीनं फवारणीवर फवारणी, आणि रोज सकाळी ट्रॅक्टरखाली बशीएवढा ऑइलचा डाग. गावातल्या मिस्त्रीनं सील बदललं. चौथ्या दिवशी परत डाग. तो म्हणाला, "सील लोकल निघालं." ओरिजिनल आणलं, आठवडाभर टिकलं. दादा म्हणाला, "टिपूसभर गळतंय, गळू दे. वरून ऑइल टाकत जा." ब्लोअर थांबवायला कुणालाच सवड नव्हती, हे मला मान्य आहे. पण गिअर, हायड्रॉलिक, पीटीओ सगळं एकाच ऑइलवर चालतं. ते टिपूसभर टिपूसभर करत कुठवर जाणार?

तिसरं सील मी स्वतः टाकलं. जुनं काढल्यावर शाफ्टवरून नख फिरवलं, तर सीलाची लिप (शाफ्टला टेकणारी रबराची कड) जिथं बसते तिथं नख अडकलं. बारीक चर पडला होता. मग शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवला, तर चक्क हलला. बेअरिंग गेलेलं. शाफ्टच डुलत असेल तर रबराची लिप किती दिवस पुरणार?

मिस्त्री म्हणाला, जुनं झालं की बेअरिंग जातंच. ट्रॅक्टर तीन वर्षांचा होता! पीटीओला ब्लोअर जोडणारा, एकात एक सरकणाऱ्या दोन पाइपांचा जोडशाफ्ट सोडवून दोन भाग वेगळे केले तेव्हा उलगडा झाला. आतल्या पाइपाचं टोक ठोकल्यासारखं चेपून बाहेर पसरलं होतं. तो शाफ्ट दादानं मोठ्या ट्रॅक्टरच्या जुन्या ब्लोअरचा आणून लावलेला. सरळ चालताना काही नाही. ओळीतून बाहेर पडून दुसऱ्या ओळीत शिरताना वळण आवळलं की ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांच्यातलं अंतर कमी होतं, शाफ्ट आत सरकतो. सरकायला जागा संपली की तो सगळा रेटा थेट पीटीओच्या बेअरिंगवर. वळणावर 'टक्' वाजायचं ते आम्ही वर्षभर ऐकत होतो आणि ब्लोअरची टाकी ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पिनेवर दोष ढकलत होतो.

मी म्हणालो, शाफ्ट कापू. दादा म्हणाला, "चांगला शाफ्ट कापतोस? उद्या मोठ्याला लावायला काय करशील?" मोठा ट्रॅक्टर विकून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

कापला. आतला आणि बाहेरचा पाइप दोन्ही सारखेच, अडीच-अडीच इंच कापले, आणि वरचं प्लास्टिकचं कव्हरही तेवढंच. कानशीनं टोकं घासली, ग्रीस भरलं. बेअरिंग नवं. त्यानंतर त्या जागेला मी हात लावलेला नाही.

तर तुम्ही आधी हे बघा. बाहेरच्या पाइपाच्या तळाशी घट्ट ग्रीसचा गोळा ठेवा, पीटीओ बंद ठेवून ट्रॅक्टर ब्लोअरसकट तुमच्या नेहमीच्या वळणातून फिरवा, इंजिन बंद करून शाफ्ट सोडवा. गोळा चेपला असेल तर शाफ्ट लांब आहे, कापा. मात्र सर्वात लांब ताणलेल्या स्थितीतही दोन पाइप एकमेकांत निदान एक तृतीयांश राहिले पाहिजेत. नाहीतर तो सुटून फिरायला लागेल, आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांनी सुटलेला शाफ्ट काय करतो ते मी लिहीत नाही.

सील टाकायचं तुम्हाला येतच असेल. फक्त दोन गोष्टी. एक, पीटीओच्या दात्यांवरून सील सरकवताना लिप कापली जाते, आणि मिस्त्री लोक घाईत हीच चूक करतात. दुधाची रिकामी पिशवी धुऊन दात्यांवर गुंडाळा, वर ऑइल चोळा, मग सरकवा. दुसरं, चर पडला असेल तर सील जुन्या जागेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर अलीकडं-पलीकडं बसवा, म्हणजे लिप चांगल्या जागी येते. सील बसायचं घर तेवढं खोल नसेल तर लेथवाल्याकडून शाफ्टवर स्लीव्ह (पातळ नळी) चढवून घ्या. बाहेरून शिलिकॉन फासणाऱ्याला दारात उभं करू नका.

कंपनीचं म्हणाल, तर जुन्या सीलावरचे तीन आकडे (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) जुळले आणि माल ताजा असला की मला कुठलंही चालतं. सील पाचशेच्या आत येतं. पैसे जातात बेअरिंग, मजुरी आणि सांडलेल्या ऑइलात.

हे सगळं ओढायच्या ब्लोअरचं. मागं रोटाव्हेटर असेल तर वळणापेक्षा लिफ्ट वरखाली करताना शाफ्ट कुठं टेकतो ते बघा. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) मातीनं बुजला असेल तर आत दाब धरून ऑइल सीलातूनच बाहेर येतं, मग माझी वरची सगळी कथा तुमच्या कामाची नाही. तो आधी साफ करा, पाच मिनिटांचं काम आहे. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर खोलूच नका.

दादाचं म्हणणं अजूनही हेच की आमचाही ब्रीदरच बुजला होता आणि शाफ्ट उगाच कापला. ब्रीदर मी त्याच दिवशी साफ केला होता, त्यामुळे मला ते खोडताही येत नाही. तुमचा ग्रीसचा गोळा चेपला तर इथं फोटो टाका, मला तो घरी दाखवायचाय.