चिखलदऱ्याचा घाट सायकलवर पहिल्यांदा चढताय?

भाऊ, परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे जा. सेमाडोहचा रस्ता देखणा आहे, पण लांबचा आणि व्याघ्र प्रकल्पातल्या जंगलाचा. तो पुढच्या वेळी. चिखलदरा १,११८ मीटरवर आहे, म्हणजे परतवाड्यापासून सातशे मीटरच्या वर चढ.

उजाडताच निघा. सपाटीवर जोर दाखवू नका, घाट लागायच्या आधीच हलका गिअर टाका. चढात पायावर पूर्ण ताण असताना गिअर बदलला तर चेन करकरते, कधी उतरतेही. दोन शब्द बोलता येतील इतकाच दम लागू द्या. अवघड वळणावर आतली कड जास्त उभी असते. गाडी येत नसेल तर थोडं बाहेरून घ्या, नाहीतर सरळ उतरून ढकला, त्यात लाज कसली? गूळ-शेंगदाणे भूक लागायच्या आधी खा, पण माकडांसमोर पिशवी उघडू नका बाप्पा!

खरी परीक्षा उताराची. ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते, मग पकड कमी होते. म्हणून वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा, वळणात सोडा. वर गार वारा असतो, घामेजल्या अंगावर विंडचीटर चढवूनच उतरा. आणि अंधाराच्या आत खाली या, अस्वलं आहेत तिकडे.