परिवीक्षा की परिविक्षा? आणि तिला जामीन का म्हणू नये

प्रश्न आहे तो ‘मारहाणीच्या खटल्यात दोषी तरुणाची प्रोबेशनच्या जामिनावर सुटका’ अशा मथळ्याबद्दल. प्रोबेशनला, म्हणजे दोषीला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याला, मराठी शब्द कोणता, आणि तो लिहायचा कसा: परिविक्षा, परीविक्षा की परिवीक्षा?

शुद्ध रूप परिवीक्षा. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. परि आणि ईक्षा थेट जुळले की ‘री’ दीर्घ होते आणि परीक्षा तयार होते. इथे मध्ये ‘वि’ बसला आहे: परि + वि + ईक्षा. संधी वि आणि ई यांचा होतो, म्हणून दीर्घ होते ते ‘वी’, आणि ‘रि’ ऱ्हस्वच राहते. ‘परीविक्षा’ ही परीक्षेच्या सवयीने होणारी चूक. ‘परिविक्षा अधिकारी’ तर सरकारी जाहिरातींतही सर्रास दिसते, पण तेही चूकच. विभक्ती लागल्यावर परिवीक्षेवर, परिवीक्षेचा. नव्या नोकरीतला परिवीक्षा कालावधी तो हाच शब्द.

मथळ्यातला ‘जामीन’ मात्र काढायलाच हवा. जामीन सहसा मिळतो तो दोष ठरण्याआधी, किंवा दोष ठरल्यावर अपील चालू असताना, म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंत. परिवीक्षा दोष ठरल्यावरच येते. घोटाळा होतो तो बंधपत्रामुळे, म्हणजे न्यायालयाला लिहून दिलेल्या हमीमुळे, कारण दोन्हीकडे हमीदार लागू शकतो. परिवीक्षेत दोषी माणूस लिहून देतो की वर्तन चांगले ठेवीन आणि मुदतीत बोलावणे आले तर शिक्षा घ्यायला हजर राहीन. ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षे. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावली तर ती किमान १ वर्षाची. पॅरोल आणि फर्लो हे तर शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या रजेचे शब्द. आपल्याकडे तुरुंग खात्यात त्यांना अभिवचन रजा आणि संचित रजा म्हणतात.

मग ही सवलत कोणाला? अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ मध्ये दोन पायऱ्या आहेत. पहिली कलम ३ची: चोरी, फसवणूक असे काही गुन्हे किंवा कमाल २ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा, आणि आधी दोषसिद्धी नसणे. अशाला नुसती समज देऊन सोडता येते. ही परिवीक्षा नव्हे. दुसरी कलम ४ची: फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेला कोणताही गुन्हा. इथे पाहायचे ते कायद्यातले कमाल माप, न्यायाधीश प्रत्यक्षात किती शिक्षा देतील ते नव्हे. हाताने मारून हाड मोडले तर गंभीर दुखापत, कमाल ७ वर्षे, दार उघडे. तेच हाड कोयत्याने मोडले तर तरतूद जन्मठेपेपर्यंत जाते आणि दार बंद. शिवाय दोषीचा किंवा हमीदाराचा न्यायालयाच्या हद्दीत, किंवा मुदतीत दोषी जिथे राहण्याची शक्यता आहे तिथे, ठरलेला पत्ता वा नियमित कामधंदा हवा. दोघांपैकी एकाचा चालतो, ही गोष्ट फिरस्त्या मजुराच्या बाबतीत फार मोलाची आहे आणि नेमकी तीच विसरली जाते.

वय २१च्या आत असेल आणि गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर कलम ६ उलट बाजूने बोलते: तुरुंगात का पाठवतो याची कारणे न्यायालयाने लिहायची, आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवसाचे नाही, शिक्षेचा निर्णय होतो त्या दिवसाचे. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६३मध्येच स्पष्ट केले आहे. माणूस, त्याचे घर, त्याचे काम नीट पाहून लिहिलेला हा अहवाल म्हणजेच शब्दातली ‘वीक्षा’. तो वरवरचा झाला की पात्र मुलगाही आत जातो.

पात्र असणे म्हणजे हक्क मिळणे नव्हे. निष्काळजी वाहन चालवून जीव घेणाऱ्यांना ही सवलत सहसा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये म्हटले. अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. आणि दोषसिद्धी पुसली जात नाही, म्हणून ‘निर्दोष सुटका’ हा शब्दप्रयोगही इथे चूक.

मथळा असा हवा: ‘मारहाणीच्या खटल्यात तरुण दोषी, २ वर्षांच्या बंधपत्रावर परिवीक्षेवर सोडले’.