१८६१ टाकलं, ३७६१ आलं

या वेळी जुन्या तारखांचे प्रश्न इतके आले की बाकीचे पुढच्या अंकात ढकलावे लागले. पहिला प्रश्न दिसायला सगळ्यात साधा आहे आणि नेमकं त्याचंच उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : जुन्या पत्रांची यादी एक्सेलमध्ये करतोय, १८४० ते १९६० मधली. तारखेने सॉर्ट केलं की १९०० नंतरची नीट लागतात आणि आधीची सगळी खाली जाऊन पडतात, तीही उलटसुलट. दोन पत्रांमध्ये किती दिवस गेले ते काढायला गेलो तर एरर येतो. शेवटी डेट फंक्शन वापरलं तर ३ मे १८६१ चं ३ मे ३७६१ झालं! काय चाललंय हे?

उत्तर : आधी ३७६१ चं सांगतो. डेट फंक्शनला १९०० पेक्षा लहान वर्ष दिलं की ते त्यात १९०० मिळवतं. कोणी नुसतं ६१ लिहिलं तर १९६१ व्हावं म्हणून केलेली सोय आहे ती, पण १८६१ पण १९०० पेक्षा लहानच की, म्हणून १८६१ अधिक १९००, झाले ३७६१. एरर नाही, वॉर्निंग नाही, गुपचूप.

आता मूळ दुखणं. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे फक्त दिवसांची मोजणी, बाकी सगळं वरून चढवलेलं फॉर्मॅटिंग. एका सेलमध्ये १ जानेवारी १९७० टाका आणि फॉर्मॅट जनरल करा, २५५६९ दिसेल. ही मोजणी १ जानेवारी १९०० ला १ धरून सुरू होते आणि त्याच्या मागे जायची सोयच नाही, त्यामुळे १८६१ ची तारीख टाइप केली की एक्सेल तिला तारीख मानतच नाही, साधं टेक्स्ट म्हणून ठेवून देतं. सॉर्ट करताना आधी आकडे आणि मग टेक्स्ट असा क्रम असतो, म्हणून तुमचं १८६१ हे १९६० च्याही खाली गेलं, आणि टेक्स्ट डावीकडून एकेक अक्षर बघत लावलं जातं, म्हणजे आधी दिवस, मग महिना, वर्ष सगळ्यात शेवटी. उलटसुलट त्यामुळे.

आता कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये ६० टाका आणि तारखेचा फॉर्मॅट द्या. २९ फेब्रुवारी १९०० येईल. असा दिवस कधी उगवलाच नाही, कारण १९०० ला १०० ने भाग जातो पण ४०० ने जात नाही, म्हणजे ते लीप वर्ष नव्हतं. ही चूक लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये होती आणि त्याच्या फायली एक्सेलमध्ये जशाच्या तशा चालाव्यात म्हणून ती मुद्दाम ठेवली गेली, ती आजतागायत आहे. म्हणून २८ फेब्रुवारी ते १ मार्च १९०० मध्ये एक्सेल २ दिवस सांगतं. लिबरऑफिस या एक्सेलसारख्याच फुकट प्रोग्रॅमवाल्यांनी यावर छान पळवाट काढलीय, त्यांचा शून्य ३० डिसेंबर १८९९ ला आहे, त्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढे दोघांचे आकडे जुळतात आणि शून्याच्या मागे लिबरऑफिस सरळ उणे आकड्यांत जातं. तिकडे जाणं जमत असेल तर तुमचं निम्मं काम तिथेच होतंय.

एक्सेलमध्येच राहायचं असेल तर वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे कॉलम करा. चौथ्यात वर्ष गुणिले १०००० अधिक महिना गुणिले १०० अधिक दिवस, म्हणजे ३ मे १८६१ चं १८६१०५०३. यावर सॉर्ट बिनचूक लागतो. पण हा आकडा क्रमापुरताच बरं का, यातून वजाबाकी करायला जाऊ नका. ३१ मे आणि १ जून १८६१ मध्ये एकच दिवस आहे आणि १८६१०६०१ मधून १८६१०५३१ वजा केले तर येतात ७०. ज्या पत्रावर फक्त महिना आहे तिथे दिवसाला ० द्या, ते त्या महिन्याच्या सुरुवातीला जाऊन बसेल. तिथे १ टाकायचा मोह होतो, तो टाळा, कारण वर्षभराने तुम्हालाच कळणार नाही की हे खरंच एक तारखेचं पत्र आहे की तुमचा अंदाज.

दिवसांचा फरक काढायला माझी आवडती युक्ती म्हणजे वर्षात ४०० मिळवायचे आणि मग डेट फंक्शनला द्यायचं, १८६१ चं २२६१. ग्रेगोरियन, म्हणजे आपलं आजचं, कॅलेंडर दर ४०० वर्षांनी अगदी हुबेहूब परत येतं, ४०० वर्षांत १४६०९७ दिवस आणि त्याला ७ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे फरकच काय, वारसुद्धा बरोबर येतो. ३ मे १८६१ ला शुक्रवार होता, २२६१ ला पण शुक्रवारच आहे. फक्त ४०० सगळ्याच तारखांना मिळवा, १९०० नंतरच्यांनाही, आणि दिवस ० असलेल्या नोंदी यातून वगळा, नाहीतर डेट फंक्शन त्यांना आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसावर नेऊन ठेवेल.

जाता जाता, तुमच्या पत्रांत रशियातून आलेलं एखादं असेल तर जरा थांबा. तिथे ३१ जानेवारी १९१८ नंतर एकदम १४ फेब्रुवारी आली, तोवर जुनं ज्युलियन कॅलेंडर (दर चौथं वर्ष लीप) चालू होतं आणि १८६१ मध्ये ते १२ दिवस मागे होतं. पॅरिसहून ३ मेला निघालेल्या पत्राचं मॉस्कोहून आलेलं उत्तर २८ एप्रिलचं असू शकतं, आणि सॉर्ट केल्यावर उत्तर आधी, पत्र नंतर! म्हणून पत्रावर जशी लिहिलीय तशी तारीख एका कॉलममध्ये राहू द्या, रूपांतर केलेली बाजूला. मूळ पुसू नका.

प्रश्न : आमच्या जुन्या जावा प्रोग्रॅममध्ये ज्या नोंदीला तारीख नाही तिथे १ जानेवारी, सन १ टाकलेलं होतं. डेटा नव्या सिस्टीममध्ये आणल्यावर तिथे ३० डिसेंबर दिसतंय आणि वर्ष चक्क शून्य. टाइमझोनचा घोळ समजलो असतो, पण दोन दिवस कसे सरकले?

उत्तर : टाइमझोनवर संशय घेऊन मीही एकदा दोन दिवस घालवलेत, त्यामुळे सहानुभूती आहे. हा कॅलेंडरचा फरक आहे. जावाचं जुनं ग्रेगोरियन कॅलेंडर नावाने ग्रेगोरियन असलं तरी १५ ऑक्टोबर १५८२ च्या आधी ज्युलियन होतं. जावा ८ पासूनची नवी टाइम लायब्ररी, पायथन भाषा, पोस्टग्रेस डेटाबेस ही मंडळी आजचे लीप वर्षाचे नियम तसेच मागे मागे नेत राहतात, ते कॅलेंडर तेव्हा जन्माला आलेलं नसलं तरी. दोन्ही कॅलेंडरं तिसऱ्या शतकात जुळतात, १५८२ पर्यंत १० दिवसांनी फाकतात आणि सन १ मध्ये उलट्या बाजूने २ दिवसांनी. तेच तुमचे दोन दिवस.

दिवस हलला नाहीये, त्याचं नाव बदललंय. म्हणून नुसता आकडा कधीच पुरत नाही, तो कुठून मोजलाय आणि कुठल्या कॅलेंडरने वाचायचाय हे सोबत लागतंच. १ जानेवारी १९७० हा एकच दिवस युनिक्समध्ये ०, एक्सेलमध्ये २५५६९, मॅकच्या जुन्या १९०४ पद्धतीच्या फायलीत २४१०७, पायथनमध्ये ७१९१६३, आणि खगोलवाल्यांच्या ज्युलियन दिवसात (ही नुसती दिवसांची सलग मोजणी, ज्युलियन कॅलेंडर नव्हे) २४४०५८८. ही शेवटची मोजणी इसवीसनपूर्व ४७१३ पासून चालते आणि माझ्या मते जुन्या तारखांसाठी तीच सगळ्यात भली. पोपने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबर गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर शुक्रवार आणला, मधल्या तारखा गायब, पण ज्युलियन दिवस बघा, गुरुवारी २२९९१६० आणि शुक्रवारी २२९९१६१. मोजणीला त्याचा पत्ताच नाही.

तुमची सिस्टीम कुठल्या बाजूची आहे ते एका ओळीत कळतं, तिला १५ ऑक्टोबर १५८२ वजा ४ ऑक्टोबर १५८२ विचारा. १ आलं तर ती ज्युलियनवर उडी मारणारी, ११ आलं तर सरळ मागे जाणारी. २९ फेब्रुवारी १५०० विचारलं तरी चालेल, पहिली घेईल, दुसरी नाकारेल. स्पार्क या मोठा डेटा हाताळणाऱ्या सिस्टीमने ३.० मध्ये ही बाजू बदलली तेव्हा बऱ्याच जणांना हे कळलं, जरा उशिराच.

तुमच्या केसमध्ये त्या नोंदींत खरी तारीख नाहीच, तर तिथे रिकामं म्हणजे नल ठेवा आणि सुटा. खऱ्या जुन्या तारखा असतील तर आधी ठरवा की लिहिलेलं नाव जपायचंय का तो नेमका दिवस. नाव जपायचं तर वर्ष-महिना-दिवस टेक्स्टमध्ये न्या, दिवस जपायचा तर आकडा न्या.

प्रश्न : जन्मतारखा युनिक्स सेकंदांत (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या) आहेत, ८६४०० ने भागून दिवस काढतो. १९७० च्या आधी जन्मलेल्यांची तारीख एक दिवस पुढे येते, पण सगळ्यांची नाही, नेमक्या मध्यरात्रीची वेळ असेल तर बरोबर. डोकं चालेना.

उत्तर : ३१ डिसेंबर १९६९ संध्याकाळी ६ म्हणजे उणे २१६००. ८६४०० ने भागलं की उणे पाव. सी आणि जावाचा साधा पूर्णांक भागाकार शून्याच्या दिशेने कापतो, म्हणून ०, म्हणजे १ जानेवारी १९७०. तुम्हाला खाली उतरणारा भागाकार हवाय, जावात फ्लोअरडिव्ह, पायथनमध्ये दोन तिरक्या रेघांचा, मग उणे १ येईल. मध्यरात्रीच्या आकड्याला पूर्ण भाग जातो म्हणून ते वाचले.

आणि उणे १ म्हणजे "माहीत नाही" असं कुठे ठेवलं असेल तर काढा. मी ठेवलं होतं, आणि स्क्रीनभर लोक ३१ डिसेंबर १९६९ च्या रात्री एकाच सेकंदाला जन्मलेले दिसले. बाकी जन्मतारीख सेकंदांत ठेवणंच मला पटत नाही. ३२ बिटांत मावणारे सेकंद मागे जाताना १३ डिसेंबर १९०१ लाच संपतात, आणि मागे गेलं की टाइमझोनही विचित्र होतात, न्यूयॉर्क नोव्हेंबर १८८३ पर्यंत ग्रीनिचच्या ४ तास ५६ मिनिटं २ सेकंद मागे धरलं जातं. जन्मदिवस हा दिवस आहे, दिवसच ठेवा.

प्रश्न : एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस डेटटाइम प्रकारच्या कॉलममध्ये १७५३ च्या आधीचं काही घेत नाही. १७५३ च का?

उत्तर : इंग्लंडने कॅलेंडर १७५२ मध्ये बदललं, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. ते झंझट नको म्हणून पुढचं पूर्ण वर्ष पकडलं. डेटटाइम२ वापरा, ते सन १ पर्यंत जातं, पण आजचेच नियम मागे नेतं, त्यामुळे इंग्लंडच्या जुन्या नोंदी जशाच्या तशा त्यात ओतू नका. तिथे तेव्हा वर्षही २५ मार्चला बदलायचं. इंग्रजांच्या वसाहतीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१ आणि आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२.

प्रश्न : इसवीसनपूर्व १० ते इसवीसन १० किती वर्षं? प्रोग्रॅम १९ म्हणतोय.

उत्तर : बरोबर म्हणतोय. इतिहासात शून्य वर्ष नाही. आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाच्या, पद्धतीत इसवीसनपूर्व १ ला ० लिहितात, म्हणून इसवीसनपूर्व १० तिथे उणे ९ होतं. तुमच्या फाइलमध्ये कोणी उणे १० टाइप केलं असेल तर त्याला १० म्हणायचं होतं का ११, हे त्यालाच विचारा.